अकरा डॉलरचं फडताळ

ब्रश फोर्क, केंटकी
रविवार, १५ सप्टेंबर १९८५
सकाळी सात वाजून दहा मिनिटं

ती. इमोजीनताईस,
लोवेलचा सा. न. वि. वि.

हे लिहायला बसण्याआधी मी मागच्या ओसरीवर, दात घासायच्या जुन्या ब्रशनं, पत्र्याच्या भोकांत अडकलेलं पीठ काढत होतो. पीठ कुणा मेलेल्या बाईच्या हातचं आहे आणि सिमेंटसारखं घट्ट झालंय. तू नाक मुरडशील म्हणून आधीच सांगून टाकतो: होय, मी काल पुन्हा लिलावाला गेलो होतो. होय, पुन्हा जुनंच आणलं. आणि नाही, मला त्याची लाज वाटत नाही.

लिलाव सॉरेल क्रीकला होता, इथून चाळीस मैल. श्रीमती डेल्फिया कॉडिल नावाच्या बाई जुलैत वारल्या, त्यांचं घर रिकामं करायचं होतं. मी त्यांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही. उशीर होईल या धास्तीनं मी नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी पोचलो, आणि नेहमीसारखाच काळा कोट घातला होता. लिलावाला कोट कशाला, म्हणून माझ्या कामावरचे, वखारीतले लोक हसतात. पण दुसऱ्याच्या घरी, त्याच्या माघारी, त्याच्या वस्तू चिवडायच्या तर निदान बटणं लावून जावं, असं मला वाटतं.

बाकी सगळं सामान गवतावर मांडलं होतं. फडताळ मात्र जड म्हणून ओसरीवरच ठेवलेलं. माझ्या छातीइतकं उंच, दोन दारं, दारांत लाकडाच्या फळीऐवजी पत्रा, आणि पत्र्याला खिळ्यानं ठोकून पाडलेली भोकं, चांदणीच्या नक्षीत. म्हणजे आतल्या पावाला वारा लागावा, पण माशी नि उंदीर शिरू नये. रंग फिकट हिरवा आणि मूळचा. तो उडालाय, पण फक्त हात लागायच्या जागी. मी रुमालानं ते वरून खालपर्यंत पुसलं, आतलं उंदराचं घरटं काढून टाकलं, आणि जागा जाईल म्हणून त्याला चिकटूनच उभा राहिलो.

मग कर्नल स्टँपर ओसरीवर आले. (त्यांनी बंदूक कधी हातात धरली नसेल, पण लिलाव पुकारणारा म्हणून कर्नल.) त्यांनी शंभर मागितले, कुणी बोललं नाही. पन्नास मागितले. मी म्हणालो अकरा. सगळे दहापासून सुरू करतात म्हणून मी अकरा म्हणतो. पण माझा आवाज फाटला, आणि ताई, सगळं अंगण एकदम गप्प झालं. लेक्झिंग्टनचा एक चौकटीच्या टोपीवाला व्यापारी सकाळपासून त्या फडताळाभोवती घिरट्या घालत होता. त्यानं आपलं बोलीच्या नंबराचं पुठ्ठं खिशात घातलं. काही लोकांनी टोप्या काढल्या. कर्नलनी एक वार, दोन वार, तीन वार हे चर्चमध्ये बोलतात तशा आवाजात म्हटलं आणि संपवलं.

वाटलं, या सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि मलाच नाही. वाळवी! मी कोटासकट फडताळाखाली शिरलो आणि काडी पेटवून एक एक पाय तपासला. भोक नाही, भुसा नाही. बाहेर आलो तर शेजारच्या घरच्या व्हेस्टाबाई रेमी उभ्या. त्यांनी माझे गुडघे झटकले, वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा अख्खा केक कापडात बांधून माझ्या हातात दिला, आणि फार वाईट झालं म्हणाल्या. मी म्हणालो, मलाही तसंच वाटतंय. मला वाटलं त्या अकरा डॉलरबद्दल बोलताहेत.

असो. फडताळ आता स्वयंपाकघरात, खिडकीसमोर आहे. शेजारी निळ्या ठिपक्यांची किटली, सालीनं विणलेल्या दोन खुर्च्या (जुळ्या नाहीत, चुलत बहिणी म्हण), आणि बंद पडलेल्या दुकानाची ती बेकिंग पावडरची पाटी. भिंती सरळ नाहीत, पण त्या खाणकंपनीनं बांधल्या, मी नाही. थँक्सगिव्हिंगला तू आणि रॉस्कोदाजी या. सोफ्याच्या प्लॅस्टिकला चिकटून बसण्यापेक्षा इथे बरं वाटेल.

दाजींच्या गुडघ्याचं कळव. माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा माझ्या सामानावरही करून पाहा.

तुझा,
लोवेल

डेटन, ओहायो
शुक्रवार, २० सप्टेंबर १९८५

चि. लोवेल यास,
अ. उ. आ. (पत्र वाचून त्यातले निम्मे परत घ्यावेसे वाटले होते.)

पत्र पोचलं. दाजींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि काडी पेटवून फडताळाखाली शिरलास तिथे इतके हसले की गुडघा पुन्हा दुखला. मी हसले नाही.

लोवेल, आपण अख्खं लहानपण लोकांच्या उतरलेल्या वस्तूंवर काढलं. आता कमावता झालास, चार खोल्या घेतल्यास, आणि स्वतःच्या पायांनी जाऊन पुन्हा तेच गोळा करून आणतोस? आठवीतला तो तपकिरी कोट आठवतो? चर्चच्या दानाच्या पिंपातून आलेला. कॉलरच्या आत शाईनं ग्लेंडा लिहिलेलं. आणि ती ग्लेंडा माझ्याच वर्गात, पुढच्या बाकावर. तिनं वर्गात सगळ्यांना सांगितलं की बघा, माझा कोट कसा चाललाय. कोट चाललाय म्हणाली. इमोजीन चाललीय असंही म्हणाली नाही.

त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या घरातल्या प्रत्येक वस्तूला पहिला हात माझा लागेल. सोफ्याचा शेवटचा हप्ता मी मार्चमध्ये भरला. त्यावरचं प्लॅस्टिक राहणार. तो माझा आहे, तो कधी मळवायचा ते मी ठरवणार, आणि चिकटतं तर लोकांनी उभं राहावं.

पाहुणे येणारच असतील तर त्या फडताळाचा रंग खरवड आणि त्याला छान पांढरा तेलरंग दे. तेवढ्यानं निदान स्वच्छ दिसेल. मी काही मेलेल्या माणसांच्या खुर्च्यांवर बसून टर्की खायला येणार नाही. सोबत पन्नास डॉलरची मनिऑर्डर आहे. त्यातून एक नवं टेबल घे. नवं म्हणजे दुकानातलं, खोक्यातलं.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मी बारा वर्षं कारखान्यात माणसं पाहते आहे. व्यापाऱ्याला हवी असलेली वस्तू तो अकरा डॉलरला दुसऱ्याला सोडत नाही. सगळे गप्प का बसले? तू काय केलंस?

रागावले असले तरी माया तीच आहे. तू मात्र जेवत जा.

तुझी ताई,
इमोजीन

सॉरेल क्रीक
शुक्रवार, २७ सप्टेंबर १९८५

रा. रा. लोवेल टॅकेट यांस,
कर्नल होबार्ट स्टँपर यांचा स. न. वि. वि.

विषय कै. डेल्फिया कॉडिल यांच्या लिलावातील फडताळाचा आहे. आपल्या भागात घरचे माणूस बोली लावू लागले की बाकीचे हात खाली ठेवतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. त्या दिवशी तुम्ही काळा कोट घालून ओसरीवर उभे होतात, फडताळ पुसत होतात, आणि बोली लावताना तुमचा गळा दाटला. आम्ही सारे तुम्हांला डेल्फियाबाईंचा नातू समजलो. मीही समजलो. म्हणून कुणी बोली वाढवली नाही आणि मीही ताणले नाही.

आता लुईव्हिलहून त्यांचे एकुलते चिरंजीव श्री. प्रेंटिस कॉडिल यांचे पत्र आले आहे. विक्रीची यादी पाहून त्यांनी चौकशी केली. त्यांना मूलबाळ नाही, तेव्हा नातू कुठून आला असे ते विचारतात. तुम्ही नातेवाइकाचे सोंग करून चारशे डॉलरची वस्तू अकरा डॉलरला उचललीत, असे त्यांचे म्हणणे आहे. हे ते इथे फोन करून बऱ्याच जणांना बोलले आहेत.

येत्या दहा तारखेपर्यंत फडताळ परत करावे. तुमचे अकरा डॉलर मिळतील. न केल्यास तुमचे त्रेसष्ट नंबरचे पुठ्ठे मला रद्द करावे लागेल, आणि आसपासच्या जिल्ह्यांतले कर्नल अशा बाबतीत एकमेकांचे ऐकतात. मग तुम्हांला कुठेच बोली लावता येणार नाही.

मला स्वतःला तुम्ही सोंगाडे वाटला नाहीत. पण मला वाटून काय होते.

कळावे. राग नसावा.

आपला,
होबार्ट स्टँपर

ब्रश फोर्क
बुधवार, २ ऑक्टोबर १९८५
संध्याकाळचे साडेपाच

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वखारीतून आलो, हात दोनदा धुतले, आणि आता बसलो आहे. सोबत कर्नलचं पत्र जोडलं आहे, ते आधी वाच. तू विचारलं होतंस मी काय केलं. हे केलं. कोट घातला आणि धूळ पुसली.

रिवाज मला ठाऊक होता, ताई. मी स्वतः किती वेळा हात खाली ठेवला आहे. पण कुणी मलाच घरचा समजेल हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण आपल्याला कुणी कधी कुठल्या घरचं समजलेलंच नाही. पत्र वाचलं तेव्हा कान तापले. त्या टोप्या, त्या व्हेस्टाबाई, तो केक. सगळं अनोळखी बाईच्या नातवाचं सांत्वन, आणि मी ते खाऊन बसलो. केक चांगला होता, तेही खोटं सांगत नाही.

रविवारी कर्नलच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं घेवडा नि मक्याचा पाव पुढे केला. कर्नल समजावू लागले की पोरा, परत देऊन टाक, फडताळं काय छप्पन्न मिळतील, नाव एकदा गेलं की गेलं. मी म्हणालो, नावासाठीच तर देत नाही. गुपचूप परत केलं तर त्याचा अर्थ मी सोंग केलं असाच होणार. उद्या गुरांच्या खाद्याच्या, फीडच्या दुकानात मी आत शिरलो की लोक पाकीट चाचपणार. मी कुणाला नातू आहे म्हणालो नाही. कुणाला हात खाली ठेव म्हणालो नाही. लोकांनी आपल्या मनानं एक मढं माझ्या खांद्यावर दिलं, आणि आता तेच म्हणतात की तू खांदा का दिलास.

मग मी त्यांना म्हणालो की फडताळ पुन्हा लिलावात मांडा. परत केलं म्हणून नाही, पुन्हा विकायला म्हणून. आधी सगळ्यांसमोर सांगा की हा टॅकेट कॉडिलांचा कुणी लागत नाही, आणि मग ज्याला बोली लावायची त्यानं लावावी. मीही लावीन. अकरा डॉलर तेवढे माझ्या नावावर जमा धरा.

कर्नलनी चमचा खाली ठेवला. म्हणाले की तीस वर्षांत कमी भावात मिळालेल्या वस्तूला जास्त पैसे देऊ द्या म्हणून कुणी माझ्या दारात आलेलं नाही, तुला ताप तर नाही ना? बायकोला म्हणाले की याच्या कपाळाला हात लावून बघ. तिनं खरोखरच लावला. मग त्यांनी तिथूनच लुईव्हिलला फोन केला. मला वाटलं कॉडिल भांडेल. तो लगेच हो म्हणाला, आणि हसला. फोनमधून मला ते हसू ऐकू आलं. ते का, हे कळत नाही, आणि तेव्हापासून मला चैन नाही. शनिवार, १९ ऑक्टोबर, गुरांच्या बाजाराच्या शेडमध्ये.

आता तुझ्या पत्राबद्दल. मनिऑर्डर परत पाठवतो आहे. नवं टेबल नको. ग्लेंडाचा कोट मला चांगला आठवतो, कारण तुझ्यानंतर तो मी तीन हिवाळे घातला. पण ताई, तो कोट आपल्यावर टाकला होता. नको म्हणायची सोय नव्हती. हे फडताळ मी शंभर वस्तूंतून निवडलं आहे. पहिला हात माझा नसेल, पण बोट दाखवून हेच हवं म्हणणारा मीच. हा फरक तुला लहान वाटत असेल, मला त्याच्यावर घर उभं करायचं आहे.

आणि पांढऱ्या तेलरंगाचं पुन्हा काढू नकोस. तो हिरवा रंग खरवडणारा माणूस आणि शाळेच्या जुन्या नोंदवह्या जाळणारा माणूस मला सारखेच. खुर्च्या चालत नसतील तर येताना स्वतःची घेऊन ये.

माझ्याकडे दोनशे पासष्ट डॉलर शिल्लक आहेत. ते पुरतील की नाही, माहीत नाही. हे पत्र दोनदा उतरून काढलं.

तुझा लोभ या वेळी नेहमीपेक्षा जरा जास्त लागेल.

तुझा,
लोवेल

डेटन
बुधवार, ९ ऑक्टोबर १९८५

चि. लोवेल यास,
अ. उ. आ.

तुझं आणि त्या कर्नलचं, दोन्ही पत्रं वाचली. देऊन टाक ते फडताळ. विटांच्या घरातल्या पैसेवाल्यांशी आपण भांडू नये. त्यांना वकील मिळतात, आपल्याला नोटिसा मिळतात. तुझी सगळी शिल्लक तू एका पावाच्या कपाटासाठी उधळणार, आणि तेही जे आधीच तुझ्या स्वयंपाकघरात आहे! दाजी म्हणतात की हे म्हणजे स्वतःच्या खिशातून स्वतःचंच पाकीट विकत घेणं झालं. ऐक माझं. गाडीत घाल, नेऊन दे, आणि विषय संपव. माणूस गप्प राहिला की लोक विसरतात.

मध्ये उठावं लागलं, चुलीवर घेवडा लागत होता.

परत बसले. वर काय लिहिलं ते वाचलं. घेवडा ढवळताना दाजींना सगळं पुन्हा सांगत होते, आणि तो कॉडिल इथे फोन करून बऱ्याच जणांना बोलला, या वाक्याशी आले आणि चमचा आपटला गेला. बऱ्याच जणांना! माझा भाऊ सोंगाड्या? जो दुकानदारानं पाच सेंट जास्त दिले तर दोन मैल चालत परत द्यायला जातो तो? मी या शहरात आले तेव्हा कारखान्यात बायका आपली कुलपं तपासायच्या, कारण मी डोंगरातली. मी गप्प राहिले होते. लोक विसरले नाहीत. मी गप्प राहिले म्हणून त्यांना खात्री पटली.

तेव्हा वरचं सगळं खोडलेलं समज. मी खोडत नाही, कारण पान खराब होईल.

मनिऑर्डर पुन्हा पाठवते आहे. हे टेबलासाठी नाहीत. परत पाठवलेस तर मी स्वतः बस पकडून येईन आणि सगळ्यांसमोर तुझा कान धरीन. मला अजूनही ते फडताळ आवडलेलं नाही, हे नीट लक्षात ठेव. जुनं ते जुनंच. पण ते त्याला मिळता कामा नये.

कोटाला इस्त्री कर. तोच कोट घाल. मुद्दाम घाल.

तुझ्या बाजूनं आहे, आणि भांडायलाही आहेच.

तुझी ताई,
इमोजीन

ब्रश फोर्क
रविवार, २० ऑक्टोबर १९८५
सकाळी आठ वाजता, कॉफी उकळत ठेवून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोट घातला होता. इस्त्री केली होती.

शेड भरली होती. इतकी माणसं फडताळासाठी आली नव्हती, भांडण बघायला आली होती. चर्चच्या बायकांचे हॅमचे सँडविच अकरा वाजताच संपत आले. मी वखारीतल्या दोघांना घेऊन फडताळ ट्रकमधून आणलं आणि मधोमध ठेवलं. कॉडिल आधीच आला होता. राखाडी सूट, पन्नाशीचा, चेहऱ्यानं वाईट नाही. त्याच्यापासून दोन हातांवर तोच चौकटीच्या टोपीवाला लेक्झिंग्टनचा व्यापारी. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, आणि ते जरा जास्तच जपून बघत नव्हते.

कर्नलनी ठरल्याप्रमाणे जाहीर केलं की हा लोवेल टॅकेट, राहणार ब्रश फोर्क, कॉडिल घराण्याशी याचं काही नातं नाही, गेल्या वेळी याच्याबद्दल गैरसमज झाला तो आपल्या सगळ्यांचा. मागून कुणीतरी ओरडलं की मग माझं टक्कल उन्हात फुकटच भाजलं म्हणायचं! लोक हसले. मी हसायला गेलो, जमलं नाही.

बोली सुरू झाली. कर्नलनी शंभर मागितले. कॉडिलनं शांतपणे पुठ्ठं वर केलं आणि म्हणाला, पंचवीस.

आणि ताई, शेड गप्प झाली. तेव्हा मला ते फोनमधलं हसू कळलं. तो इथेच वाढलेला माणूस. घरचा माणूस बोली लावतो तेव्हा काय होतं ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक. या वेळी घरचा खरा होता. एकेकाच्या टोप्या उतरू लागल्या. कर्नलनी माझ्याकडे पाहिलं, तोंडावर अगदी वाईट वाटल्यासारखं. एक वार म्हणाले. घरच्या माणसावर बोली चढवणं मी जन्मात पाहिलेलं नाही. तो निर्लज्जपणा आहे, हे मला कुणी शिकवावं लागलेलं नाही. दोन वार म्हणाले.

मी म्हणालो, शंभर.

आवाज शेडच्या पत्र्यावरून परत आला तेव्हा मलाच ओळखू आला नाही. सगळी डोकी वळली. एक बाई अगं बाई म्हणाली. कुणीतरी निर्लज्ज म्हणालं, हळू नाही, मला ऐकू जाईल असं. कॉडिल वळून म्हणाला की तरुण माणसा, ही माझ्या आईची वस्तू आहे. मी म्हणालो की होय, होती. तुम्हांला ती हवी असती तर सप्टेंबरच्या आधी कधीही येऊन गाडीत घालून न्यायची होती, तुम्हांला कुणी एक डॉलरही मागितला नसता. तुम्ही ती विक्रीला मांडा म्हणून लिहून दिलंत. विकायला काढलेल्या वस्तूची बोली लावतो आहे, तुमच्या आईची नाही. एवढं लांब वाक्य मी लोकांसमोर कधी बोललो नव्हतो. मध्येच श्वास संपला, तर घेऊन पुन्हा बोललो.

मग व्हेस्टाबाई उठल्या. मला वाटलं त्या केकचे पैसे मागणार. त्या कॉडिलला म्हणाल्या की प्रेंटिस, तुझ्या आईच्या घरात त्या दिवशी शंभर माणसं शिरली, सगळी वस्तू मोजायला. पुसायला हा एकटा. नातू नसेल, नसू दे, माझं काही बिघडत नाही, केक काही वाया गेला नाही. एवढं म्हणून बसल्या आणि पर्समधून विणकाम काढलं.

पुढे जे झालं ते नीट सांगतो. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं गुडघ्यावरची टोपी उचलली, झटकली, आणि डोक्यावर घातली. मग त्याच्या शेजारच्यानं. मग मागच्या टकल्यानं. सगळी शेड टोप्या घालून बसली, म्हणजे इथे आता कुणी घरचा नाही, लिलाव आहे, चालू द्या. कर्नलच्या घशातून पुकारायची नेहमीची ती पट्टी निघाली आणि बोली धावत सुटली.

दीडशे, दोनशे, अडीचशे. मध्ये फीडच्या दुकानवाल्यानंही एकदा हात वर केला, आणि मला त्याचा राग न येता आनंदच झाला. तीनशेला माझे पैसे संपत आले. कॉडिल प्रत्येक बोलीआधी चौकटीच्या टोपीकडे बघत होता. टोपी हलली की पुठ्ठं वर. आता सगळेच ते बघत होते. कुणीतरी म्हणालं की प्रेंटिस, आईची आठवण त्या लेक्झिंग्टनवाल्याला विचारून येते की काय? तो लाल झाला, पण थांबला नाही. तीनशे पंधराला माझी शिल्लक आणि तुझे पन्नास दोन्ही संपले. मी कर्नलकडे पाहिलं. ते पुकारता पुकारता हातानं खुणेनं आठवड्याचे हप्ते दाखवून गेले, आठ बोटं, आणि श्वाससुद्धा मोडला नाही. तो चारशे वीस म्हणाला. मी चारशे तीस. टोपीवाला वळला आणि सँडविचच्या टेबलाकडे चालू लागला. कॉडिलनं त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि पुठ्ठं खाली ठेवलं.

तीन वार.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, तसले लोक नाहीत इथले. पण टकल्यानं माझ्यासाठी दार धरलं.

पैसे शेवटी कॉडिललाच गेले, हे तू म्हणशील. जाऊ देत. मी फडताळ अकरा डॉलरलाच घेतलं होतं. बाकीचे माझ्या नावाचे झाले, आणि ते मला स्वस्त पडलं.

ट्रकमध्ये चढवताना तो जवळ आला. मला वाटलं आता भांडण. त्यानं डावं दार उघडलं, खालच्या फळीवर आतपर्यंत हात घातला आणि थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला. मग विचारलं की यात काय ठेवणार? मी म्हणालो, पाव. तो म्हणाला की खालची फळी वजन घेत नाही, तिला मधून टेकू दे. मी बरं म्हणालो. तो गेला. ताई, मी टेकू देणार आहे, सल्ला बरोबर आहे. पण फोन करकरून तो जे बोलला ते त्यानं परत घेतलं नाही, आणि मीही ते विसरलेलो नाही.

कर्नलनी पावती लिहून दिली. मी ती वाचून त्यांना परत दिली आणि एक ओळ घालायला लावली: खरेदीदार कुणाचाही नातेवाईक नाही. ते म्हणाले की हे फार होतंय. मी म्हणालो की होऊ दे. मग त्यांनी लिहिलं, खाली सही केली, आणि त्रेसष्ट नंबरचं पुठ्ठं माझ्या कोटाच्या खिशात स्वतः घातलं. पुढचा लिलाव दोन तारखेला आहे, पितळी कड्यांचा पलंग निघणार आहे म्हणतात.

पावती खिळ्यानं भिंतीला लावली आहे, फडताळाच्या वर, दारातून आत आलं की दिसेल अशी. ज्याला वाचायची त्यानं वाचावी. नातेवाइकाबद्दलची ओळ तू सोडून बाकी सगळ्यांसाठी आहे.

थँक्सगिव्हिंगला ये किंवा नको येऊस. मी तुम्हां दोघांची पानं मांडणार. लोभ वाढव असं म्हणत नाही. आहे तेवढा मी खाली कुठेच धरलेला नाही, तो हिशेबाबाहेरचा आहे.

तुझा,
लोवेल

हिशेब

फडताळ, शेवटची बोली: ४३० डॉलर
पेट्रोल आणि ट्रकचं भाडं: १४ डॉलर (पगारातून दिले)
हॅम सँडविच, स्वतःला एक, वखारीतल्या दोघांना दोन: साडेचार डॉलर (पगारातून)

दिले: माझी शिल्लक २६५, सप्टेंबरचे जमा ११, तुझे ५०. एकूण ३२६.

देणं, कर्नल स्टँपर: १०४, आठवड्याला आठ, जानेवारीत फिटेल.
देणं, ताई: ५०. नको म्हणशील, तरी लिहिले आहेत.
देणं, प्रेंटिस कॉडिल: काही नाही.